बी.कॉम.च्या मुलीला राज्यघटना कशाला?

कॉलेजचे प्रवेश आटोपले, वेळापत्रकं लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनपर्यंत 'कुठे प्रवेश घ्यावा' असं विचारणारे पालक जुलैत 'हे काय शिकवतायत' असं विचारू लागतात. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातोय आणि त्याचं सरळ उत्तर सहसा कोणी देत नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझी मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मुख्य विषयांखेरीज तिला राज्यघटना, पर्यावरण, भारतीय ज्ञानप्रणाली, शिवाय एक ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय, असं बरंच काही आहे. परवा ती राज्यघटनेची उद्देशिका पाठ करत बसली होती. मी स्वतः एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. आमच्या कामात उद्देशिका कुठेच लागत नाही. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे, दर रविवारी मीटिंग, त्यामुळे वेळेची आणि पैशाची दोन्हीची ओढाताण आहे. या तासांमध्ये तिने डेटा ॲनालिटिक्स किंवा जीएसटी रिटर्नचा कोर्स केला असता तर काही हाताला लागलं असतं. आमच्या वेळी फाउंडेशन कोर्स हा सगळ्यांना सक्तीचा सामान्य विषय होता, तो आम्ही आदल्या रात्री गाईड वाचून काढला. हे सगळं नव्या शैक्षणिक धोरणाचं खूळ आहे की याला खरोखर काही अर्थ आहे?
– एक पालक, मुलुंड पूर्व

उत्तर : तुम्ही अकाउंट्स बघता, म्हणून तुमच्याच टेबलावरच्या कागदापासून सुरुवात करते. मुंबईतल्या मुंबईत माल विकला तर अठरा टक्क्यांच्या बिलावर केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९ अशा दोन ओळी येतात. तोच माल सुरतेला गेला तर एकच ओळ, आयजीएसटी १८. गिऱ्हाईक पैसे तेवढेच देतं. मग दोन ओळी कशासाठी? याचं उत्तर हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही, राज्यघटनेत सापडतं. पूर्वी मालाच्या विक्रीवरचा कर मुख्यतः राज्यांकडे होता, उत्पादनावरचा आणि सेवांवरचा केंद्राकडे. एकाच व्यवहारावर दोघांनाही कर बसवता यावा म्हणून २०१६ साली १०१वी घटनादुरुस्ती करावी लागली. तिने कलम २४६-अ घटनेत घातलं, आणि कलम २७९-अ खाली केंद्र व राज्यांची जीएसटी परिषद उभी राहिली. १ जुलै २०१७ला नवा कर लागू झाला आणि त्याच वेळी मुंबईतली जकात बंद झाली. तुमच्या मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. जकात ही मुंबई महापालिकेची मोठी मिळकत होती. ती गेली, म्हणून राज्य सरकार पालिकेला भरपाई देतं. जो पैसा पालिका स्वतः गोळा करत होती, त्यासाठी तिला आता राज्याकडे बघावं लागतं.

जीएसटी रिटर्नचा कोर्स तुमच्या मुलीला कुठला आकडा कुठल्या रकान्यात भरायचा हे शिकवील. तिने तो करावाच, सुट्टीत करावा. पण हा कर असा का आहे, उद्या तो कोण बदलू शकतं, बदलताना महाराष्ट्राला विचारावं लागतं की नाही, हे त्या कोर्समध्ये येणार नाही. आणि पुढे ती एखाद्या फर्ममध्ये मोठ्या जागेवर गेली तर तिला हेच प्रश्न विचारले जाणार आहेत.

उद्देशिका पाठ करून घेण्याबद्दल मात्र तुमची तक्रार रास्त आहे. पाठ म्हणून घेतली की शिकवून झालं, असं मानणाऱ्या वर्गात तुमची मुलगी बसली असेल तर तिचा तो तास फुकट गेला हे मी मान्य करते.

आता मूळ प्रश्नाकडे. या विषयांमुळे सर्वांगीण विकास होतो, असं कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. इतक्या मोघम आश्वासनावर पालकांनी फी भरावी ही अपेक्षाच चूक आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षं उपनगरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्राबरोबर फाउंडेशन कोर्स शिकवला, आणि त्याचा हेतू मला असा कळला आहे: मुख्य विषय आपल्याला एका ठिकाणी जाणकार बनवतो. पण आयुष्यातला बाकी सगळा वेळ आपण दुसऱ्या जाणकारांसमोर बसलेले असतो. समोर डॉक्टर असतो, वकील असतो, इंजिनिअर असतो, आकडे घेऊन आलेला मंत्री असतो. तिथे डोळे मिटून मान डोलावणारे लोक असतात, आणि सगळे चोर आहेत म्हणून उठून जाणारेही असतात. दोघांचंही नुकसान होतं. समोरच्याच्या विद्येत पुरावा कशाला म्हणतात, त्याने सांगितलेल्यातलं मोजलेलं किती आणि अंदाजाचं किती, त्याला कुठला प्रश्न विचारला म्हणजे खरी गोष्ट बाहेर येईल, एवढं ज्याला कळतं तो माणूस स्वतःचं हित सांभाळू शकतो. विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कुठल्याही शाखेचा असो, एवढं दिलंच पाहिजे. समान अभ्यासक्रमाचं काम ते आहे.

तुमच्या रविवारच्या मीटिंगचंच बघा. इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. अहवालात सी-१ आलं की इमारत अतिधोकादायक, म्हणजे रिकामी करून पाडायची. अहवालाच्या मागे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, कोअर टेस्ट या काँक्रीटच्या चाचण्यांचे तक्ते जोडलेले असतात. किती जणांनी ते उलटून पाहिले? किती खांब तपासले, कुठल्या मजल्यावरचे, ते कोणी निवडले, एवढं विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. थोड्याशा नमुन्यावरून सगळ्याबद्दल बोलताना काय सांभाळावं लागतं, एवढं ठाऊक असलं की पुरतं. मग बिल्डरचा माणूस वाढीव जागेचे आकडे सांगतो. तो कार्पेट म्हणतो तेव्हा रेरा कायद्यातला कार्पेट म्हणतो की आणखी कुठला? बाल्कनी त्यात धरली आहे का? वकील करारनामा वाचतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना, ५१ टक्के सभासदांची संमती, हे सगळं भराभर वाचलं जातं. बिल्डर देतो त्या कॉर्पसच्या रकमेवर आणि भाड्यावर कराचं काय, हा तुमचा प्रांत. आणि तळमजल्यावर एखाद्या आजींच्या नावावर काहीच कागद नसतो, चाळीस वर्षं त्या तिथे राहत असतात. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न इंजिनिअरिंगचाही नाही आणि अकाउंट्सचाही नाही. एका संध्याकाळी, एका पत्र्याच्या शेडखाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून तुम्ही स्थापत्य, कायदा, अर्थव्यवहार आणि न्याय-अन्याय या चारही गोष्टींचा निर्णय घेत असता.

आणखी एक बाजू आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर आणि तिसऱ्या मजल्यावरचा अकाउंटंट यांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. ज्याची त्याची विद्या ज्याच्या त्याच्या घरात राहिली तर मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. सगळ्या शाखांच्या मुलांनी निदान काही गोष्टी सारख्या वाचलेल्या असाव्यात, त्यांवर वाद घातलेला असावा, यामागे एवढाच साधा विचार आहे. म्हणून केवळ निवडीचे विषय देऊन हे काम होत नाही. पाच मुलांनी पाच वेगळी ओपन इलेक्टिव्ह घेतली तर प्रत्येकाला काहीतरी मिळेल, पण पाचांमध्ये समान असं काहीच उरणार नाही. नव्या धोरणात निवड पुष्कळ आहे आणि समान वाचन फार थोडं आहे, ही माझी त्याच्याबद्दलची खरी तक्रार आहे.

खूळ नवं आहे का? नाही. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. १८६२ साली त्याचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या काळच्या बी.ए.ला भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र हे सगळं करावं लागे. पुढे रानडे न्यायमूर्ती झाले आणि हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लिहू लागले, भांडारकर संस्कृतचे महापंडित झाले. एकच विषय घेऊन पदवी मिळवायची पद्धत नंतर घट्ट होत गेली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९१९ साली सगळ्या विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धाची कारणं समजावणारा एक वर्ग तिथे चालत असे, त्यातून तो निघाला. युद्ध संपल्यावर शांततेचे प्रश्नही तसेच समजून घ्यायला हवेत असं त्या प्राध्यापकांना वाटलं. आपल्याकडे १९४८ साली नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सामान्य शिक्षण द्यावं अशी शिफारस केली. पर्यावरणाचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला सक्तीचा झाला. पवईच्या आयआयटीत इंजिनिअरिंगच्या मुलांनाही मानव्यविद्येचे अभ्यासक्रम करावे लागतात.

आणि राज्यघटनेचा कॉमर्सशी काय संबंध असं कोणी विचारलं, की मला सिडनहॅम कॉलेज आठवतं. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८पासून मुंबईच्या या कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी, १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबियात होते. तो सक्तीचा अभ्यासक्रम तेव्हा सुरू झालेला नव्हता, पण त्यांनी स्वतःच आपल्यासाठी तसा आखून घेतला. मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध त्यांनी १९१६ साली मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने! रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा माणूस पुढे घटनेचा मसुदा करतो, यामागे ही सगळी विद्या होती. तुमच्या मुलीला ही गोष्ट तिच्या वर्गात कोणी सांगितली नसेल तर तुम्ही सांगा.

तुम्हाला एक सुचवते. पुढच्या रविवारी तिला मीटिंगला घेऊन जा. ऑडिटचा अहवाल आणि करारनाम्याचा मसुदा आधी तिच्या हातात द्या, तिला न कळलेल्या जागांवर पेन्सिलीने खूण करायला सांगा, आणि त्या खुणा सभेत मोठ्याने विचारा.

प्रश्न : मॅडम, मी पदवी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्कलोड भरत नाही म्हणून पर्यावरण आणि आपत्ती हा दोन क्रेडिटचा पेपर माझ्या गळ्यात आला आहे. वर्गात शंभरावर मुलं, सगळ्या शाखांची मिसळ. मी या विषयातला नाही. सध्या नोट्स वाचून दाखवतो आणि मुलं हजेरीपुरती बसतात. मला हे असं करायचं नाही. काय करू?
– एक सहायक प्राध्यापक, कांदिवली

उत्तर : सर, हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं. ज्याचे तास कमी पडतात त्याच्याकडे हा पेपर द्यायचा, ही रीत अनेक कॉलेजांत आहे, आणि या विषयांची जी दशा झाली आहे तिला ही रीतच सगळ्यात जास्त कारणीभूत आहे. अभ्यासक्रम कागदावर कितीही चांगला असला तरी शिकवणाऱ्याला तो शिक्षा वाटत असेल तर मुलांनाही तो शिक्षाच वाटतो.

पण तुम्ही या विषयातले नाही, ही अडचण समजू नका. मुलंही त्यातली नाहीत. आपल्या प्रांताबाहेरचा प्रश्न समोर आला की एक शिकलेला माणूस त्याला कसा भिडतो, हे ती तुमच्याकडे बघून शिकतील, आणि दोन क्रेडिटच्या तीस तासांत याहून मोठं काही साधणार नाही.

मी एक वर्ग कसा घेत असे ते सांगते. २६ जुलै २००५चा पाऊस तेव्हा सगळ्या मुलांच्या आठवणीत ताजा होता. कुर्ल्याची, कलिन्याची, साकीनाक्याची मुलं वर्गात असायची. कुणी रात्रभर बसच्या टपावर होतं, कुणाचं दुकान बुडालं होतं. मी फळ्यावर दोन आकडे लिहीत असे: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांतले. आणि विचारत असे, 'मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला?' पहिल्यांदा सगळे ९४४ म्हणून ओरडत. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, सरासरी काढा. मग कुणीतरी म्हणे, सरासरी काढली तर कुर्ल्यातला माणूस मेला कसा ते कळणारच नाही. तिथून वर्ग सुरू व्हायचा. एक आकडा एका जागचा असतो, तो कोणी कुठे मोजला हे विचारायचं असतं, हे त्यांना पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

पुढे हिशेब. एक चौरस किलोमीटरवर ९४४ मिलिमीटर म्हणजे किती पाणी? कॉमर्सची मुलं पटकन काढत: ९४ कोटी ४० लाख लिटर. शहराच्या जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही समुद्राला ओहोटी असताना. त्या दुपारी भरती होती. हा भाग तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगला शिकवाल. भरतीच्या वेळी नाल्याचं तोंड समुद्राच्या पातळीखाली गेलं की पाणी बाहेर का पडत नाही, हे फिजिक्सच्या माणसाने एका आकृतीत दाखवावं.

मग नकाशा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी, वाटेत विमानतळापाशी तिला दिलेलं वळण, दलदलीच्या जमिनीवर भराव टाकून उभं राहिलेलं वांद्रे-कुर्ला संकुल. हे निर्णय कोणी घेतले, कधी घेतले, कोणत्या कायद्याखाली? पुरानंतर सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली होती. अशा समितीच्या अहवालाची चार पानं झेरॉक्स काढून वाटा आणि वर्गातच वाचून घ्या. गाईडमधला सारांश देऊ नका. सरकारी अहवालाची भाषा कशी असते, जबाबदारीचं वाक्य कुठे ठेवलेलं असतं, हे मुलांनी स्वतः शोधलं पाहिजे.

एका वर्षी कुर्ल्याच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, 'मॅडम, नदी रुंद करायची हे बरोबर आहे, पण आमचं घर काठावर आहे. ते कुठे जाणार?' बाकीच्यांचे आकडे सगळे बरोबर होते आणि तिच्या प्रश्नाला त्यांतल्या एकानेही उत्तर मिळत नव्हतं. त्या दिवशी वर्गाला पुनर्वसनाचा कायदा, महापालिकेचं बजेट आणि शहर कोणाचं हा जुना प्रश्न, हे सगळं हवंसं झालं. सक्तीने ते कधीच हवंसं झालं नसतं. माझा तास संपला तरी चार मुलं तिच्याशी भांडत जिन्यापर्यंत गेली. त्यांतला एक स्टॅटिस्टिक्सचा होता, एक बँकिंगचा, दोघं मराठी साहित्याची. मिसळ वर्गाचा फायदा हा असा असतो. तुम्ही तो अडथळा मानला आहे, कृपा करून मानू नका.

प्रोजेक्टबद्दल. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात, फक्त पहिलं पान बदलायचं. त्यावर उपाय एकच: विषय असा द्यावा की तो विकत मिळू शकणार नाही. माझ्या वर्गात प्रत्येकाने माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लिहायचा असे. दहा रुपये फी, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, प्रश्न स्वतःच्या गल्लीचा. तीस दिवसांत उत्तर येणं अपेक्षित. एका मुलाने आपल्या चाळीजवळच्या सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला ते विचारलं. उत्तर आलं तेव्हा त्याने कागदावरचं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांची दोन रकान्यांत मांडणी केली. जमाखर्च त्याला येतच होता. तो कशावर चालवायचा हे त्याला या पेपरने दिलं. माझ्याजवळ आलेल्या सगळ्या प्रोजेक्टांमध्ये ते दोन पानी टिपण मला फार मोलाचं वाटतं.

आणि तुम्ही फिजिक्सचे, म्हणून धर्मानंदपुत्र दामोदर कोसंबी यांच्याकडे एकदा जरूर बघा. माणूस गणिताचा, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारा. वापरात झिजून नाण्यांचं वजन घटतं, हे धरून त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांची वजनं केली, त्यांवर संख्याशास्त्र चालवलं आणि कुठली नाणी जास्त काळ फिरली याचा माग काढला. इतिहासाच्या माणसांना जो प्रश्न सुचला नव्हता तो गणितातून आलेल्या माणसाला सुचला. तुमच्या वर्गात नाण्यांऐवजी पाऊस असेल, कचरा असेल, लोकलची गर्दी असेल. वजनकाटा तुमचाच लागणार आहे.

नोट्स मात्र आजपासून बंद करा. परीक्षेसाठी लागतील तेवढ्या शेवटच्या दोन तासांत देता येतात.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. ओपन इलेक्टिव्हची यादी ग्रुपवर आली आहे. सिनिअर म्हणतात स्कोअरिंग असेल ते घे. मला खरंच काही शिकायचं आहे. कसं निवडू?
– एक विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : नियमाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह तुझ्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागेल, तेव्हा अर्धं काम झालेलं आहे. उरलेल्यात नावावर जाऊ नकोस. 'मॅनेजमेंट' आणि 'स्किल्स' अशी नावं असलेल्या पेपरांत बहुतेक वेळा व्याख्या पाठ करायच्या असतात. अभ्यासक्रमाच्या शेवटी दिलेली वाचनाची यादी बघ. मूळ पुस्तकं, कायदे, अहवाल असतील तर चांगलं लक्षण. लिहायला लावतात का ते विचार. फक्त बहुपर्यायी प्रश्न असतील तर दुसरं काही घे. आणि शिकवणार कोण, हे मागच्या वर्षीच्या मुलींना विचार. चांगली शिक्षिका असेल तर विषय कुठलाही चालेल, हे मी अगदी ठाम सांगते.

तू चेंबूरची आहेस. तुझ्या मागेच माहुलच्या रिफायनऱ्या आणि खताचा कारखाना आहे. केमिस्ट्री तुला हवेत काय आहे ते सांगेल. ते तिथे का आहे, त्याच्याशेजारी माणसं का राहतात, तक्रार कुठे करायची, हे अर्थशास्त्र, कायदा किंवा शहराचा इतिहास यांतून कळेल. यादीत यांपैकी काही असेल तर मी असते तर तेच घेतलं असतं.

कॉलेजात मनासारखं मिळालं नाही तरी अडून बसू नकोस. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ 'चाय अँड व्हाय' या नावाने सर्वांसाठी मोफत गप्पांचे कार्यक्रम करतात, त्यांना शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे येतात आणि वाटेल ते विचारतात. एकटी जाऊ नकोस, कॉमर्सची किंवा आर्ट्सची एखादी मैत्रीण बरोबर घे, म्हणजे परतीच्या लोकलमध्ये भांडायला कुणीतरी असेल.

यादीतल्या पेपरांचे अभ्यासक्रम कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. आज रात्री ते उघडून वाच, आणि विषय बदलायचा असेल तर मुदत संपायच्या आत ऑफिसात अर्ज दे. खिडकीवरच्या बाईंनी आता होणार नाही म्हणून सांगितलं तर उपप्राचार्यांना भेट.